जावळाचा आलेख

जावळाच्या दिवशी केस कापणाऱ्या शशीकाकांच्या आधी लॅबची मुलगी आली. हातमोजे चढवून सोफ्याच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "बाळाचे मामा कुठायत? मांडीवर घ्या म्हणावं, आणि डोकं हलू देऊ नका."

माझा भाऊ विक्रांत तेवढ्यासाठी पुण्याहून कोल्हापूरला आला होता. त्यानं तारिणीला मांडीवर घेतलं. वर्ष उलटून गेलेल्या माझ्या लेकीला मामाच्या मांडीपेक्षा त्याच्या शर्टाची बटणं जास्त आवडली. ती बटणात गुंतली तेवढ्यात त्या मुलीनं टाळूवरची एक बट विंचरून वेगळी केली, मुळाशी तांबडा दोरा बांधला, टोकाशी पांढरा, आणि कातडीला लागून कापून ती काचेच्या नळीत सोडली.

"आमच्या वेळी पहिली बट आत्याच्या ओटीत पडायची," सासूबाई म्हणाल्या. "आता नळीत."

"नळीलाच आत्या म्हणा की," विक्रांत म्हणाला. "पेढा द्या तिला पण."

"मागचे केस नाही घेतले?" मी विचारलं.

"मागचे राहतात कुठं, ताई? झोपून झोपून झिजून जातात. पोटातले केस टिकतात ते इथलेच," असं म्हणून त्या मुलीनं तारिणीच्या टाळूवर बोट टेकवलं, पेढा तोंडात टाकला आणि पुढच्या घरी गेली. त्या दिवशी आमच्याच गल्लीत तिला आणखी एक जावळ होतं.

एवढं ते सवयीचं झालं होतं. नव्या मुलांच्या आयांचे फोनवर गट होते आणि त्यात दहावीच्या निकालासारखं विचारायचे, "तुमचं काय आलं?" हिरवं आलं की मिठाईची चित्रं. पिवळं आलं की धीराचे शब्द. आणि तांबडं आलं की गट गप्प व्हायचा. कोल्हापुरात तांबडा म्हटला की इतकी वर्षं लोकांना रस्सा आठवायचा. आता बायका तो शब्द हळू आवाजात म्हणायच्या.

हे सगळं सुरू झालं ते हिरव्या पिशवीपासून. प्लास्टिकबंदी कागदावरची न राहता खरी झाली, तेव्हा मक्यापासून केलेली ही पिशवी आली. मातीत टाकली की विरघळायची. लोकांनी तिला जीवच लावला. नुसतं "हिरवी द्या" म्हटलं की दुकानदाराला कळायचं. पुढं त्याच मालाच्या बाटल्या आल्या, डबे आले, बाळांच्या चमच्यांच्या मुठी आल्या. आता मका वाळला की कडक होतो, ठिसूळ होतो. त्याला लवचीक ठेवायला एक द्रव्य घालावं लागतं. पूर्वीच्या प्लास्टिकला मऊ ठेवणारी द्रव्यं घातक ठरली म्हणून त्यांच्या रेणूचं एक टोक बदलून हे नवं केलेलं. म्हणजे घरातल्या वाया गेलेल्या मुलाला काढून त्याच्या धाकट्या भावाला कामावर ठेवावं, तसं. थंड पाण्यात हे द्रव्य जागचं हलत नाही. गरम तेल किंवा तूप भेटलं की सुटतं आणि त्यात मिसळतं. शरीरात गेल्यावर दोन-तीन दिवसांत निघूनही जातं, त्यामुळं रक्त तपासून काही हाती लागत नाही. केसात मात्र लागतं. केसाचं मूळ रक्तात बुडालेलं असतं. केस वाढत वर येतो तसतसं त्या त्या दिवसाचं रक्त त्याच्यात वाळून राहतं. टोकाला सगळ्यात जुने दिवस आणि मुळाशी आजचे.

बाळाच्या डोक्यावरचे केस पोटात असताना पाचव्या महिन्याच्या सुमाराला उगवायला लागतात. मुलगी असेल तर नेमक्या त्याच दिवसांत तिच्या शरीरात आणखी एक काम चाललेलं असतं. जन्मभर पुरायची सगळी बीजांडं तिच्यात आधीच तयार असतात. पाचव्या महिन्यापासून त्या एकेकाभोवती पेशींचं पांघरूण घातलं जातं. ज्याला पांघरूण मिळतं ते टिकतं. बाकीची विरून जातात. पुढं आयुष्यात एकही नवं बनत नाही. पिशवीतलं ते द्रव्य नेमकं या पांघरुणाच्या कामात लुडबुड करतं, असं आधी उंदरांत दिसलं आणि मग जावळांत. तांबडं जावळ आलेल्या मुलीची शिदोरी विशीच्या आत संपेल, असा त्याचा अर्थ होता.

मी एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. माहीत असण्याचा काही उपयोग नसतो, हे डॉक्टरांनी पडदा आमच्याकडं वळवला तेव्हा कळलं.

डॉक्टर निखत मुजावर सावकाश बोलतात. "तांबडं आहे," त्या म्हणाल्या. "थोडं नाही, बरंच आहे. मी फिरवून सांगत नाही."

माझा नवरा रणधीर खुर्चीत पुढं सरकला. "मग आता?"

"दोन वर्षांची व्हायच्या आत एका अंडाशयाचा निम्मा भाग काढून गोठवून ठेवायचा. या मुलींमध्ये गळती पहिल्या दोन वर्षांतच फार जोरात असते, म्हणून घाई. मोठी झाल्यावर तिला हवं असेल तेव्हा तो परत बसवता येतो."

"आणि रिपोर्ट चुकीचा असला तर?" मी विचारलं.

"तर चांगल्या अंडाशयाचा तुकडा आपण उगाच काढलेला असेल. आणि एवढ्याशा जिवाला भूल दिलेली असेल." त्यांनी चष्मा काढला. "पुढच्या महिन्यात एक तारीख रिकामी आहे. ती सोडली तर त्यानंतरची सहा महिन्यांनी. तोवर बरंच काही हातचं गेलेलं असेल."

तारिणी माझ्या मांडीवर बसून टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढत होती. रणधीरनं तारीख घेऊन टाकली.

घरी येताना रणधीर गाडीत पुढं बसला होता. गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळं त्याच्या हातांना काही काम नव्हतं. ते गुडघ्यावर नुसते उघडझाप करत होते. कावळा नाक्याला तो म्हणाला, "आबांचा कट."

मला ते डॉक्टरांच्या समोरच सुचलं होतं. मी मनातल्या मनात त्याच्यावर पदर टाकला होता.

आबा म्हणजे माझे वडील. वीज मंडळात लाइनमन होते. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं असा आबांचा हट्ट, आणि स्वयंपाक म्हणाल तर चहाच्या पुढं त्यांची गाडी जात नाही. सातव्या महिन्यात मी गेले आणि मला डोहाळे लागले ते मिसळीच्या कटाचे. गोड नको, फळं नकोत, सकाळी उठल्या उठल्या जिभेला झणझणीत कट हवा. आबा रोज सायकल काढायचे आणि हिरव्या पिशवीतून उकळता कट घेऊन यायचे. पिशवी हातात धरवायची नाही इतकी गरम. मी भाकरी कुस्करून खायची आणि ते समोर बसून मी खाताना बघायचे. "आईनं केलं असतं ते मला येत न्हाई बघ," एकदा म्हणाले होते. "पर आणून देतो."

पुढच्या रविवारी आबा आले ते पेरू घेऊन. तारिणी रांगत दारापर्यंत गेली. त्यांनी तिला उचलून तिच्या गुळगुळीत डोक्यावर गाल घासला.

"आबा," रणधीर म्हणाला, "शलाकाला कट कशातनं आणायचा तुम्ही?"

"हिरवीतनं." आबांना प्रश्नात काही काळं दिसलं नाही. उलट खुललेच. "पहिल्यांदा डबा न्यायचो. सांडायचा ओ सायकलवर. मग दुकानदारच म्हणाला, आबा, हिरवी घ्या, सरकारमान्य हाय. आणि मी पहिल्या घाण्याचाच घ्यायचो. पहिल्या कटाला तर्री जास्त असती."

"तर्री म्हणजे तेलच की," रणधीर म्हणाला.

"रणधीर," मी म्हणाले.

"नाही, मला बोलू दे. रोज तीन महिने उकळतं तेल त्या पिशवीतनं—" त्याचा आवाज चिरकला. तो वाईट माणूस नाही. रात्री तारिणीची अंगडी घड्या घालताना एखादं तो नुसताच हातात धरून बसतो, हे मला माहीत आहे. पण त्याला भीती कुठंतरी ठेवायची होती आणि समोर आबा होते. त्यानं सगळं सांगितलं. जावळ, तांबडं, ऑपरेशन, तारीख.

आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग तारिणीला चटईवर ठेवलं. चटका बसलेलं भांडं खाली ठेवतात तसं ठेवलं, घाईनं आणि तरी सांडू नये म्हणून जपून.

"म्हंजे माझ्यामुळं," ते म्हणाले.

"आबा, अजून काही नक्की नाही."

"रिपोर्ट आलाय न्हवं?"

त्यानंतरही ते रविवारचे यायचे, पण दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. हात मांडीवर, एकात एक अडकवलेले. तारिणी त्यांच्यापाशी जाऊन दोन्ही हात वर करायची. "आऽब्." ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "गुडघा दुखतोय गं बाय. आज्जीकडं जा." ती थोडा वेळ हात वर धरून उभी राहायची, तोल जाऊन बसायची, पुन्हा उठायची. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची.

ऑपरेशनची तारीख जवळ येत होती. त्या दिवसांत एकदा प्रयोगशाळेत एका गावच्या दुधात धुण्याच्या सोड्याचा अंश सापडला. नवीन आलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, कुणीतरी भेसळ करतंय. कोणाच्या म्हशीचं बघू?" मी न बघताच सांगितलं, "सगळ्यांच्यात सारखंच आहे ना? मग म्हशींच्या मागं लागू नको. कॅन बघ." आमच्या कामात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. खोट गोठ्यातली असेल तर ती कमी-जास्त होते. एका म्हशीत असते, दुसरीत नसते. सकाळी असते, संध्याकाळी नसते. सगळीकडं एकसारखी पसरलेली खोट भांड्याची असते.

ती कॅन बघायला गेली आणि मी तिथंच उभी राहिले.

डॉक्टरांनी आम्हाला आकडा दाखवला होता आणि रंग दाखवला होता. केसाच्या टोकापासून मुळापर्यंतचा आलेख मी मागितलाच नव्हता. दुपारी फोन करून तो मागवला आणि डबा न उघडता बघत बसले.

रेघ सपाट होती.

आमच्या गल्लीच्या रस्त्याला खड्डे आहेत, पण त्या रेघेला एक नव्हता. मी बोटानं महिने मोजले. पाचवा आणि सहावा, तेव्हा मी सासरी होते, कट नव्हता. सातवा ते नववा, आबांकडं, रोज कट. मग जन्म. मग नुसतं दूध. तारिणीच्या रक्तात यातलं काही चढलं-उतरलं असतं तर रेघेनं सातव्याला उडी मारायला हवी होती आणि जन्मानंतर खाली यायला हवं होतं. रेघ पोटातल्या दिवसांत जेवढी होती तेवढीच बाहेरच्या दिवसांत होती. हे रक्तातून आलेलं नव्हतं. बाहेरून लागलेलं होतं.

घरी गेले तेव्हा सासूबाई तारिणीला आंघोळीआधी पायावर घेऊन बसल्या होत्या. शेजारी गरम पाण्याच्या तांब्यात तेलाची बाटली उभी. त्यांनी ती काढली, दाबली, तळहातावर कोमट तेल घेतलं आणि तारिणीच्या टाळूवर थापटायला लागल्या. "टाळू भर, टाळू भर, बाळ माझं गाढ झोपू दे," असं काहीतरी त्या रोज स्वतःशी म्हणायच्या. बाळंतपणाला त्या आबांकडं येऊन राहिल्या होत्या, त्यामुळं जन्मल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. बाटली मऊ होती. मक्याची होती. हिरवी.

मी वाकून तारिणीच्या डोक्याचा वास घेतला. हा वास मला इतका आवडायचा की कामावरून आल्यावर चपला काढायच्या आधी मी तो घ्यायची.

दुसऱ्या दिवशी थोडं तेल काचेच्या बरणीत घालून प्रयोगशाळेत नेलं. दुधाच्या फॅटमध्ये काय मिसळलंय ते शोधणारं यंत्र तेलातलंही शोधतं. आकडा भलताच मोठा आला आणि मी लगेच यंत्र बंद केलं. कुणी मागून बघेल असं वाटलं.

आता हे सांगायचं कसं? एका म्हाताऱ्या माणसाचे हात मांडीवर अडकलेले मी रोज आठवत होते. दुसऱ्याचे अडकवायची मला हिंमत होत नव्हती. पण सांगितल्याशिवाय उद्याची टाळू थांबणार नव्हती. भाजी निवडताना सांगितलं. सासूबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"म्हणजे आबा सुटले आणि मी अडकले," त्या म्हणाल्या.

"आई, तसं नाही."

"तसंच की. रणधीरची टाळू मी भरली, त्याच्या बापाची त्याच्या आईनं भरली. काचेच्या बाटलीतलं तेल हाताला थंड लागायचं, पळीत तापवायला लागायचं. ही बाटली आली, तर मला वाटलं किती सोय झाली." त्यांनी पदरानं हात पुसले, तेल नव्हतं तरी पुसले. "मग ऑपरेशन नाही ना आता? ते तरी सांग. मला काय म्हणायचं ते नंतर म्हण."

तेच मला माहीत नव्हतं.

डॉक्टर मुजावरांनी माझा कागद दोनदा वाचला. मग उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"तपासणीआधी केस आम्ही धुतो," त्या म्हणाल्या. "वरचं सगळं निघतं, असं या पद्धतीत गृहीत धरलेलं आहे. पण ही पद्धत जिथं बसवली तिथं कुणी वर्षभर बाळाच्या डोक्यात रोज गरम तेल जिरवत नाही. माझी मुलगी आता आठ वर्षांची आहे. तिची टाळू माझ्या अम्मीनं भरली. मलासुद्धा हे सुचलं नाही."

"म्हणजे तारिणी ठीक आहे."

"असं मी म्हटलं नाही, शलाका." पहिल्यांदाच त्यांनी मला नुसत्या नावानं हाक मारली. "तेलानं केसात जे भरलं त्याच्याखाली कटाचं काय आहे ते आता दिसणार नाही. असेल किंवा नसेल. शाई सांडलेल्या पानावर आधी काय लिहिलं होतं ते कसं वाचायचं? आणि जावळ एकदाच निघतं."

रणधीर भिंतीला टेकून उभा होता. "मग तारीख आहे तशी ठेवू. धोका नको."

"धोका दोन्हीकडं आहे," मी म्हणाले.

"एकीकडं गोठवलेलं तेवढं तरी उरेल!"

"आणि चांगलं असेल तर तेवढं आपणच काढू."

आमचा आवाज चढला तशी तारिणी आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघायला लागली, आणि मग तिला वाटलं खेळ आहे. ती हसली. खालचे दोन दात दिसले.

डॉक्टर तिच्याकडं बघत राहिल्या. "दात," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. समोरचे दुधाचे दात चौथ्या महिन्यापासून पोटातच घडायला लागतात. थरावर थर, झाडाच्या वर्तुळांसारखे. जन्माच्या दिवशी त्यात एक गडद रेघ उमटते, कारण तो दिवस बाळाला जड जातो. रेघेच्या आतलं सगळं पोटातलं. दात घडतो तेव्हा तो हिरडीच्या आत असतो, तिथं ना तेल पोचत ना हात. बाहेर येतो तेव्हा आतलं पान बंद झालेलं असतं.

"पण तो सहाव्या वर्षी पडतो," मी म्हणाले.

"हो. तोवर थांबता येणार नाही. आत्ता काढावा लागेल. एकच. जागा बधिर करून, दहा मिनिटांचं काम. सहा वर्षांची होईपर्यंत तिथं फट राहील. आणि हे मी आजवर कुणाला केलेलं नाही, हेही सांगते."

रणधीर म्हणाला, "धड ऑपरेशन नाही, धड काही नाही. दातात पण तांबडं आलं तर? तारीख गेलेली असेल."

"तारखेच्या आत निकाल देईन," डॉक्टर म्हणाल्या.

तो माझ्याकडं बघत होता. असे निर्णय मी एकटीनं घ्यायचे असं लग्नात कुठंच ठरलेलं नव्हतं. आणि तरी तो माझ्या तोंडून यायची वाट बघत होता, म्हणजे चुकला तर माझा. मला त्याचा राग आला आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं हेही कळलं. "काढा," मी म्हणाले.

दात काढताना ती जे रडली त्याबद्दल मी काही लिहू शकत नाही. नंतर मात्र तिला त्या फटीत जीभ घालायचा नाद लागला. दिवसभर जीभ तिथंच. सासूबाई तिला मऊ भात भरवायच्या, काचेच्या वाटीतून. टाळू भरणं त्यांनी सोडलं नव्हतं. खोबरेल आता पळीत तापायचं.

निकालाला डॉक्टरांनी मला एकटीलाच खोलीत घेतलं, कारण रणधीर बाहेरच बसतो म्हणाला. तारिणी त्याच्या खांद्यावर झोपली होती. या वेळी मी आकडा विचारला नाही. "आलेख दाखवा," म्हणाले.

ही रेघ सपाट नव्हती. पाचव्या-सहाव्या महिन्यात तळाशी होती. सातव्यात उचलली. लहान लहान शिखरं, एकामागं एक. मग जन्माची गडद रेघ, आणि पुढं उतार.

"आहे," मी म्हणाले.

"आहे. पण बघा, मर्यादेची रेषा ही इथं." त्यांनी बोट बरंच वर टेकवलं. "पिवळ्याच्याही खाली. आज जे कळतं त्यावरून मी या मुलीला हात लावणार नाही. तारीख रद्द करते."

"मर्यादेची रेषा बरोबर आहे का?"

त्या हसल्या नाहीत. "ती जावळांवरूनच काढलेली आहे. ती पुन्हा काढावी लागेल. कदाचित वर जाईल. कदाचित खाली येईल. खाली आली तर तुम्हाला फोन करेन. तारिणीला दर वर्षी बघू." मग त्यांनी फोन जवळ ओढला. "आता मला बाकीच्यांना फोन करायचेत. काही मुलींच्या तारखा या आठवड्यातल्या आहेत. आणि काही होऊन गेलेल्या."

मी बाहेर आले. प्रतीक्षालयात सहा-सात आया बसल्या होत्या, मांडीवर टक्कल केलेल्या मुली घेऊन. मी रणधीरला मानेनंच नाही म्हटलं, ऑपरेशन नाही. त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं तारिणीच्या पाठीत तोंड खुपसलं.

त्या रविवारी आबा नेहमीसारखे दाराजवळच्या खुर्चीत बसले. रणधीरनं स्वतः चहा केला आणि त्यांच्या हातात दिला. माफी मागायला त्याला शब्द सापडले नाहीत. साखर मात्र दोनदा विचारली. आबा म्हणाले, "घातलीयास न्हवं एकदा? मग झालं की." तेवढ्यात दोघांचं मिटलं.

"ऑपरेशन न्हाई म्हंजे माझं काय न्हवतंच त्यात," आबा मला म्हणाले. ते विचारत होते. पण वाक्य त्यांनी प्रश्नासारखं केलं नाही, म्हणजे मला नुसतं हो म्हणता यावं.

हो म्हणणं सोपं होतं. माझ्या डोळ्यांसमोर सातव्या महिन्यातली ती लहान लहान शिखरं होती. एकेक सकाळ. एकेक सायकलफेरी.

"होतं, आबा," मी म्हणाले. "थोडं. मर्यादेच्या आत आहे असं आज म्हणतात."

त्यांनी कप खाली ठेवला.

"मोठी झाली की तिला सांग," ते म्हणाले. "लपवू नको. तिच्या अंगातलं हाय, तिला ठाऊक पायजे."

"काय सांगू?"

"सांग, आज्याला म्हाईत न्हवतं. आणि तुझ्या आईला भूक लागली हुती."

तारिणी भिंत धरून त्यांच्यापर्यंत आली होती. समोर उभी राहून तिनं दोन्ही हात वर केले. फटीतून जीभ बाहेर. आबा उठले. मला वाटलं, निघाले. पण ते मोरीत गेले. पाणी पडल्याचा आवाज येत राहिला, खूप वेळ, वायरी जोडून घरी आल्यावर पूर्वी धुवायचे तसे कोपरापर्यंत हात धुतल्याचा. मग टॉवेलला पुसत बाहेर आले आणि त्यांनी तिला उचललं.

तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. मी जवळ गेले तेव्हा त्यांच्या हातांना साबणाचा वास येत होता. साबण कुठल्या बाटलीतला, ते मी विचारलं नाही.